तंबूतले मार्क

आमच्या गावाकडं सिनेमा जुना होऊनच यायचा. आधी मुंबई-पुणं, मग कोल्हापूर-सांगली-सातारा, मग तालुक्याचं थिएटर आणि सगळ्यांचं बघून झालं की मग जत्रेतला तंबू. तोवर दहा-पंधरा वर्षं सहज उलटलेली असायची. पडद्यावर उभ्या रेघांचा पाऊस पडायचा, रीळ मधेच तुटायचं, माणसं शिट्ट्या मारायची, आणि मशीनवाला घामाघूम होऊन रीळ चिकटवायचा. चिकटवताना चार-दोन वाक्यं गळायची. ती आम्ही मनानं भरून घ्यायचो. त्यामुळं 'जुना सिनेमा' असा वेगळा प्रकार आम्हाला ठाऊकच नव्हता. आम्ही बघितला त्या दिवशी तो नवा.

पेपरात सिनेमाला तारे देतात, हे फार उशिरा कळलं. तारे नसले तरी तोलमाप होतंच की. आमच्याकडं त्याच्या चार पायऱ्या होत्या. सगळ्यात खालची म्हणजे 'उठून आलो'. त्यावर 'बराय'. त्यावर 'पैसं फिटलं'. आणि सगळ्यात वरची, 'परत बघाय पायजे'. ही शेवटची पायरी फुकट मिळत नसे. परत बघायचं म्हणजे परत तिकीट, आणि तिकिटाचा पैसा म्हणजे भांगलणीच्या रोजगारातला पैसा. ज्याचा रोजगार जातो त्याचं मत हलकं नसतं. म्हणून तंबूतल्या माणसाच्या मताला मी आजही मान देतो. मात्र प्रत्येक मत मान्य करतोच असं नाही.

आणखी एक गोष्ट होती. तंबूत मधोमध दोर बांधलेला असायचा. एका बाजूला गडी, एका बाजूला बाया. पडदा एकच, सिनेमा एकच, पण दोराच्या दोन्ही बाजूंना निकाल वेगवेगळे लागायचे. गड्यांचा निकाल पारावर, चहाच्या गाड्यावर, मोठ्या आवाजात लागायचा. तो गावाचा निकाल ठरायचा. बायांचा निकाल दुसऱ्या दिवशी शेतात, पातीला लागल्यावर, खाली मान घालून लागायचा. तो कुणी लिहून ठेवला नाही. लहान पोर म्हणून मी दोन्हीकडं बसू शकत होतो, म्हणून दोन्ही निकाल कानावर पडले. हे लिहिताना माझ्याजवळ भांडवल म्हणाल तर एवढंच.

आता मी इथं सहा सिनेमांना दहापैकी मार्क देणार आहे. मनाला येतील तसे मार्क नको म्हणून तीन कसोट्या धरल्यात. पहिली, सिनेमा ज्या माणसांविषयी बोलतो त्यांच्याविषयी खरं बोलतो का. दुसरी, दोराच्या दोन्ही बाजूंना तो पुरतो का. तिसरी, घरी आल्यावर त्याच्यावर किती दिवस बोलणं चालतं. कॅमेरा, प्रकाश, संकलन यातलं ज्यांना कळतं त्यांनी त्याचे मार्क वेगळे द्यावेत, माझी ना नाही.

सुरुवात 'संत तुकाराम'पासून. प्रभातचा, १९३६ सालचा, दामले-फत्तेलालांचा. हा सिनेमा व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, वगैरे मोठेपण आम्हाला माहीत नव्हतं. आमच्या म्हाताऱ्या माणसांना विष्णुपंत पागनीस हे नट आहेत हेच मान्य नव्हतं. पडद्यावर तुकोबा आले की हात जोडले जायचे. पागनीस मूळचे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करणारे नट. तो मऊपणा त्यांच्या तुकोबात उतरला आहे. हा तुकोबा कुणावर ओरडत नाही, उपदेशाचा आव आणत नाही. शांताराम आठवल्यांनी या सिनेमासाठी एक अभंग लिहिला आणि तो इतका सही सही उतरला, की जाणकारांनाही तो तुकोबांचाच वाटला. सिनेमावाल्यानं संताची भाषा एवढी आत मुरवून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला दिसत नाही.

पण माझे मार्क तिथून येत नाहीत. ते येतात गौरीबाईंनी केलेल्या जिजाईमुळं. घरात दाणा नाही, पोर आजारी आहे, नवरा भजनात आहे, आणि ही बाई पोराला ओढत देवळात नेते आणि विठोबावर वहाण उगारते. आमच्या आजीनं हा सिनेमा कितीदा पाहिला याचा हिशेब नव्हता. तिचं मत एका ओळीचं होतं. ती म्हणायची, "तुकोबा थोर, न्हाई कोण म्हणतंय? पर पोरं पोसली कुणी? जिजीनं." ही टीका सिनेमाच्या बाहेरची नाही. सिनेमात ती आहेच. शेवटी विमान येतं, तुकोबा वैकुंठाला जातात, आणि जिजाई खाली जमिनीवर राहते. दिग्दर्शकांनी तुकोबांची भक्ती दाखवताना जिजाईचं संसाराचं ओझं लपवलं नाही, की तिला कजाग ठरवून हसण्यावारी नेलं नाही. माळकरी गड्याला तुकोबा मिळाले, राबणाऱ्या बाईला जिजाई मिळाली. दोराच्या दोन्ही बाजूंना हा सिनेमा भरभरून पुरला.

उणं काढायचंच तर एक काढतो. तुकोबांना झालेला विरोध सिनेमात बराचसा सालोमालोच्या मत्सरात गोळा होतो. एक वाईट माणूस बाजूला केला की सगळं सुरळीत, असं वाटायला लागतं. शूद्रानं वेदाचा अर्थ सांगावा का, हा वाद एका माणसाच्या पोटदुखीपेक्षा फार मोठा होता. तेवढा अर्धा मार्क कापतो. दहापैकी साडेनऊ.

दुसरा 'साधी माणसं'. भालजी पेंढारकरांचा, १९६५ चा. सूर्यकांत लोहार आणि जयश्री गडकर त्याची बायको. संगीत 'आनंदघन' यांचं. आनंदघन म्हणजे लता मंगेशकर, हे राज्य पुरस्कारांच्या वेळी जाहीर झालं. आमच्या तंबूत मात्र आनंदघन हा कुणी कोल्हापूरकडचाच बुवा असेल अशी समजूत होती. जगदीश खेबुडकरांनी ऐरणीवर लिहिलेलं गाणं आमच्याकडं लोहाराच्या सालापुढं जाताना माणसं आपोआप गुणगुणायची.

हा सिनेमा मला आवडतो, कारण यात काम दिसतं. मराठी सिनेमातला शेतकरी बहुतेक वेळा बांधावर उभा राहून गाणं म्हणतो. त्याच्या हातात खुरपं असलं तरी ते मातीत जात नाही. इथं भाता आहे, घण आहे, तापलेलं लोखंड आहे, आणि नवरा-बायको मिळून राबतात. प्रेम म्हणजे झाडाभोवती फिरणं नव्हे, एकाच्या घावाला दुसऱ्यानं साथ देणं, हे या जोडीनं दाखवलं. आमच्या आत्याचं मत असं, की सिनेमातली नवराबायको पहिल्यांदा खरी नवराबायको वाटली ती यात.

पण गावाला हा सिनेमा एवढा का गोड लागला, याचाही विचार केला पाहिजे. यात गाव साधं, शहर वाईट. संकट बाहेरून येतं, ट्रकमधून येतं, शहरी झगमगाटातून येतं. तंबूत बसलेल्या आम्हा सगळ्यांना ते ऐकायला बरं वाटलं. आता आमच्या गावातला लोहार बघा. त्याला शहराच्या मोहानं नेलं नाही. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९१० पासून किर्लोस्करवाडीत बनायला लागला होता, पुढं ट्रॅक्टर आले, घरोघरची लाकडी अवजारं कमी झाली, तसं ऐरणीवरचं काम आटलं. आणि काम होतं तेव्हाही बलुतं म्हणून खळ्यावर त्याला काय मिळायचं? सुगीला सुपानं मोजून, कधी हातचं राखून दिलेलं धान्य. वर्षभर फाळ शेवटून घेणारी माणसं खळ्यावर मात्र भाव करायची. लोहाराला गावातून बाहेर काढण्यात गावाचा हात होता. भालजींच्या सिनेमात गावाला हा प्रश्न कुणी विचारत नाही. साधी माणसं साधी आहेत हे पटतं, पण ती साधी आहेत म्हणून त्यांचं नुकसान कुणी केलं, याचं उत्तर फार सोपं दिलंय. दहापैकी सात. त्यातले दोन एकट्या ऐरणीचे.

तिसरा 'सांगत्ये ऐका', १९५९, अनंत माने. पुण्याच्या विजयानंद थिएटरात हा सिनेमा दोन वर्षांहून जास्त चालला. म्हणजे एकदा लागला तो तिथंच राहायला आल्यासारखा. आमच्याकडं तो आला तेव्हा मशीनवाल्याला 'बुगडी'चं रीळ दोनदा लावायला लागायचं. गडी ऐकायचेच नाहीत. हे गाणं आशा भोसल्यांचं, संगीत वसंत पवारांचं, पडद्यावर जयश्री गडकर. गाणं संपलं की निम्मे गडी बिडी ओढायला बाहेर.

आणि इथंच दोराच्या दोन बाजूंचा फरक उघडा पडतो. सिनेमाची गोष्ट काय आहे? गावच्या पाटलाच्या अत्याचारातून जन्मलेली पोर तमाशात वाढते, नाचते, आणि एके दिवशी त्याच गावात, त्याच पाटलासमोर, फडावर उभी राहून घडलेलं सगळं सांगते. सिनेमाचं नाव म्हणजे कोर्टातली साक्ष आहे. मी सांगते, तुम्ही ऐका. जे चावडीत बोलता येत नाही, पंचांपुढं बोलता येत नाही, ते नाचणारी बाई बोर्डावरून बोलते, कारण तिथं तरी माणसं तोंड बंद ठेवून बसलेली असतात. गडी बिडी ओढायला गेले तेव्हा बाया जागच्या हलल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी शेतात त्यांनी गाण्याचं नावसुद्धा काढलं नाही. बोलणं चाललं होतं ते आईचं काय झालं आणि गावानं काय केलं, याचं. आवाज बारीक होता. पातीच्या टोकाला मुकादम होता.

पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. हा सिनेमा चालला म्हणून तमाशापटांची रांग लागली. पुष्कळांनी यातलं गाणं उचललं आणि साक्ष टाकून दिली. नाचणारी बाई राहिली, सांगणारी बाई गेली. तो दोष अनंत मान्यांच्या या सिनेमाचा नव्हे, नक्कल करणाऱ्यांचा. ज्या हंसा वाडकर यात होत्या, त्यांनी पुढं आपलं आत्मकथन सांगितलं त्यालाही हेच नाव दिलं. त्यावरून श्याम बेनेगलांनी १९७७ साली 'भूमिका' केला. सिनेमाचं नाव एका खऱ्या बाईला स्वतःचं आयुष्य सांगायला उपयोगी पडलं, याहून सिनेमाला मोठं बक्षीस काय असतं? शेवट जरा ओढलेला आहे, योगायोग भरमसाट आहेत, त्यासाठी दोन मार्क जाऊ देत. दहापैकी आठ.

चौथा आणि पाचवा जोडीनं घेतो, कारण दोघांचा विषय एक आणि निकाल उलटे. 'सोंगाड्या' १९७१ चा, 'पिंजरा' १९७२ चा. दोन्हींत एक सरळ माणूस तमाशाच्या नादी लागतो. 'पिंजरा'त तो नाद म्हणजे अधःपात. 'सोंगाड्या'त तो नाद म्हणजे घर सुटलेल्या माणसाला सापडलेलं दुसरं घर.

'सोंगाड्या'ची कथा वसंत सबनिसांची, दिग्दर्शन गोविंद कुलकर्ण्यांचं. दादा कोंडक्यांचा नाम्या बावळट आहे, पण तो कुणाच्या चेष्टेचा विषय म्हणून उभा केलेला नाही. त्याच्या बावळटपणातून शहाण्यांचं ढोंग बाहेर पडतं. याआधी पडद्यावरचा खेडवळ माणूस शहरातल्या प्रेक्षकाला हसवायला असायचा. नाम्याला हसताना आमचा तंबू स्वतःलाच हसत होता, आणि त्याची लाज वाटत नव्हती. रत्नमालाबाईंची आये कडक, पोराला घराबाहेर काढणारी, तरी पोटातून तुटणारी. बायांच्या बाजूला हशा कमी आणि पदर डोळ्याला जास्त, असा विनोदी सिनेमा मी हा एकच बघितला. आणि उषा चव्हाणांची तमाशातली बाई कुणाला बुडवायला निघालेली नाही. ती पोट भरते आणि माणूस ओळखते. दादांच्या पुढच्या सिनेमांत द्वयर्थी बोलणं वाढत गेलं आणि आये मागं सरत गेली. ते सिनेमे गड्यांच्या बाजूचे झाले. हा मात्र दोघांचा होता. मधला भाग थोडा पसरट आहे. दहापैकी साडेसात.

आता 'पिंजरा'. यावर मी बोललो की आमचे तात्या आजही उठून बसतात. तात्यांचे 'पिंजरा'ला दहापैकी दहा. त्यांचं म्हणणं, "आरं, डॉक्टर लागूंचा पयला शिनेमा त्यो. अन् राम कदमांची गाणी! एक गाणं टाकाऊ न्हाई. असा शिनेमा परत हुणार न्हाई." गाण्यांविषयी मी तात्यांच्या बाजूचा आहे. खेबुडकरांनी लिहिली, राम कदमांनी बांधली, आणि पन्नास वर्षांनी आजही लग्नाच्या वरातीत बँडवाला ती वाजवल्याशिवाय पुढं सरकत नाही. शांतारामबापूंचा दिमाखही मान्य. कथा मूळ १९३० च्या 'द ब्ल्यू एंजल' या जर्मन सिनेमावरून सुचलेली, तरी शंकर पाटलांच्या लेखणीनं ती अशी मराठी केली की परकेपणा कुठं जाणवू नये.

माझं भांडण वेगळ्या जागी आहे. गावाला तमाशापासून वाचवायला निघालेला आदर्श मास्तर चंद्रकलेच्या नादानं घसरत जातो. सिनेमा तिला सूड घेणारी, फास टाकणारी बाई करतो. पिंजरा तिचा, अडकला तो बिचारा मास्तर. आत्याचं मत मी वर्षानुवर्षं ऐकलंय, "मास्तर गेला आपल्या पायानं, अन् नाव तिचं." तमाशाच्या फडाचा व्यवहार ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना विचारा. सुपारी कोण ठरवतं, उचल कोण घेतो, पावसाळ्यात फड बंद पडला की चूल कशावर पेटते. तिथल्या बायांना कुणाला पिंजऱ्यात घालायची सवड नसते. बहुतेकदा आतमध्ये त्याच असतात.

तरी 'पिंजरा'त एक जागा अशी आहे की तिच्यासाठी हा सिनेमा पुन्हा बघावा. मास्तर मेला असं गावाला वाटतं. गाव त्याचा पुतळा उभा करतं. आणि जिवंत मास्तरवर त्याच मास्तरच्या खुनाचा आळ येतो. तो खरं सांगत नाही. आपण घसरलो हे कळलं तर गावाचा चांगुलपणावरचा विश्वास उडेल, म्हणून तो शिक्षा पत्करतो. गावाला माणूस नको असतो, पुतळा हवा असतो, हे इतक्या उघडपणे मराठी सिनेमात दुसरीकडं कुठं आलेलं मला आठवत नाही. पण सिनेमा या गोष्टीवर हळहळतो की तिचं कौतुक करतो? मला वाटतं, कौतुक करतो. पुतळा टिकावा म्हणून माणूस मेला, ते बरंच झालं, असा सूर शेवटी लागतो. माझे तीन मार्क तिथं जातात, चंद्रकलेसाठी आणखी एक जातो. दहापैकी सहा. तात्यांची माफी मागणार नाही.

सहावा 'सामना'. 'पिंजरा'नंतर तीनच वर्षांनी, १९७५ साली तो बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत होता. लेखन विजय तेंडुलकरांचं, जब्बार पटेलांचा दिग्दर्शक म्हणून पहिला सिनेमा, निर्माते जामखेडचे रामदास फुटाणे. आमच्या जत्रेतल्या तंबूत 'सामना' कधी आला नाही. मी तो तालुक्याला पाहिला, आणि थिएटर निम्मं रिकामं होतं.

तात्यांना मी नेहमी सांगतो, 'पिंजरा' आणि 'सामना' एकापाठोपाठ बघा. दोन्हींत डॉ. श्रीराम लागू मास्तर आहेत, दोन्हींत निळू फुले आहेत. 'पिंजरा'तला मास्तर खरं लपवण्यासाठी जीव देतो. 'सामना'तला मास्तर दारूत बुडालेला, फाटका, कुठून तरी गावात येऊन पडलेला, आणि तो एकच प्रश्न धरून बसतो. मारुती कांबळे नावाचा एक माणूस होता, त्याचं काय झालं? त्याला पुतळा होण्यासारखं काही उरलेलं नाही, म्हणूनच तो विचारू शकतो. इभ्रतीचा माणूस गप्प बसतो आणि इभ्रत गेलेला बोलतो. एकाच नटानं तीन वर्षांत ही दोन टोकं उभी केली.

आणि निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील. आमच्याकडच्या बाया निळूभाऊंना पडद्यावर बघून बोटं मोडायच्या. प्रत्यक्षात हा राष्ट्र सेवा दलात घडलेला, पुण्यात माळीकाम केलेला, सरळ माणूस. 'एक गाव बारा भानगडी'तल्या झेलेअण्णापासून त्यांनी गावपुढाऱ्याचा तो तिरका कावेबाजपणा घरोघर पोचवला. पण हिंदुराव निराळा. तो मिशीला पीळ देऊन सुनेच्या पदराला हात घालणारा पाटील नाही. त्यानं कारखाना उभा केलाय, गावात कामं आणलीत, माणसांना कामाला लावलंय. तो पाहुणचार करतो, गोड बोलतो. आपल्या हातून गावाचं भलं झालंय, तेव्हा एखादा मारुती कांबळे मधे आला तर काय करायचं, असा त्याचा हिशेब आहे.

हा हिशेब आमच्या भागात कळायला अवघड नाही. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५० नंतर ऊसपट्ट्याचं रूप पालटलं. आमच्या घराला पहिलं पक्कं छत पडलं ते उसाच्या बिलावर. मी ते नाकारत नाही, हिंदुरावालाही सिनेमा ते नाकारू देत नाही. म्हणूनच 'सामना' अवघड आहे. वाईट माणसाविरुद्ध उभं राहणं सोपं. ज्यानं तुमच्या पोराला नोकरी लावली त्याच्यासमोर उभं राहून, त्या दुसऱ्याचं काय झालं, असं विचारणं अवघड. 'साधी माणसं'त जो प्रश्न गावाला कुणी विचारला नव्हता, तो इथं विचारला गेला. गावात गप्प कोण बसलं?

'सामना' बघून आल्यावर आमच्या घरात काय झालं ते सांगतो. तात्या 'बराय' एवढंच म्हणाले. जेवताना कुणी बोललं नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी आजीनं चुलीपुढं एका माणसाचं नाव घेतलं. आमच्याच गावचा, मी जन्मायच्या आधीचा, रानात राखणीला असायचा, आणि एका सुगीनंतर दिसला नाही. "मुंबैला गेला म्हणायची समदी," आजी म्हणाली. "पर त्याचं घोंगडं हितंच व्हतं." आजीनं सिनेमा पाहिलाही नव्हता. गोष्ट ऐकली होती. तात्या पानावरून उठले आणि हात धुवायला गेले. त्यानंतर त्या नावाचा विषय घरात दोनदा निघाला, दोन्ही वेळा आजीनंच काढला. माझी तिसरी कसोटी, किती दिवस बोलणं चालतं, तिच्यावर 'सामना'नं सगळ्यांना मागं टाकलं.

उणं एकच. यात बायांना जागा फार थोडी आहे. दोराच्या पलीकडं बसलेलीला तिच्यासारखी कुणी पडद्यावर सापडत नाही. जे 'संत तुकाराम'ला १९३६ साली जमलं ते इथं राहिलं. एक मार्क त्याचा. दहापैकी नऊ.

तर माझी यादी अशी लागली. 'संत तुकाराम' साडेनऊ, 'सामना' नऊ, 'सांगत्ये ऐका' आठ, 'सोंगाड्या' साडेसात, 'साधी माणसं' सात, 'पिंजरा' सहा. यात 'श्यामची आई' नाही म्हणून कुणी रागावेल. १९५३ सालचा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवलेला तो सिनेमा आम्हाला शाळेनं रांगेत नेऊन दाखवला होता. गुरुजींच्या देखत पाहिलेल्या सिनेमाला मी मार्क देत नाही, तिथं रडणंसुद्धा अभ्यासातलं असतं. 'जैत रे जैत' नाही, कारण तो ठाकरांच्या डोंगरातला सिनेमा आहे आणि त्याला मार्क द्यायचा पहिला हक्क त्या डोंगरातल्या माणसांचा.

आता हे सगळे सिनेमे मोबाइलवर आहेत. पडद्यावर पाऊस पडत नाही, रीळ तुटत नाही. माणूस एकटा बघतो, एकटाच अंगठा वर किंवा खाली करतो. गेलं त्याचं मला फार दुःख नाही. तंबूत धूळ होती, डास होते, आणि परतताना काळोखात बायांना गड्यांच्या मागं मागं चालावं लागायचं. मधला दोर गेला हे बरंच झालं. पण दोराच्या पलीकडचं मत विचारून घ्यायची सवय तेवढी आमच्यात अजून आलेली नाही. परवा तात्यांना मोबाइलवर 'सांगत्ये ऐका' लावून दिला. तात्यांनी गाण्यापर्यंत बघितला आणि फोन खाली ठेवला. आत्या म्हणाली, "ठिवू नगा. फुडं बगू द्या मला." मग दोघांनी मिळून शेवटपर्यंत बघितला. तात्यांनी किती मार्क दिले ते मी विचारलं नाही. आत्याला विचारलं. तिचे दहा.